बाईसाहेबांच्या चारित्र्याची सुनावणी

बाईसाहेबांना पिल्लं झाली, त्या दिवशी घरातल्या प्रत्येकानं सुटकेचा निःश्वास सोडला होता. आत्याची ही लाडकी मांजर गाभण आहे, हे तिच्या पशुवैद्य भाचीचं, धाकटीचं, निदान. आणि आपली बाईसाहेब उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाही, तेव्हा हे निदान म्हणजे निव्वळ बदनामी, ही आत्याची तक्रार. दोघींमध्ये कोण खरं, याचा निकाल चार पिल्लांनी आत्याच्याच कपाटात, इस्त्रीच्या चादरींवर जन्म घेऊन लावला. आता कसली तक्रार अन् कसलं काय, असंच सगळ्यांना वाटलं.

पण राज्याच्या पशुवैद्यक मंडळाला तसं वाटलं नाही. आत्यानं तक्रार मागे घेत असल्याचं कळवलं, तर मंडळाच्या निबंधकांनी उलटटपाली उत्तर धाडलं, की तक्रार ही तक्रारदाराची खाजगी मालमत्ता नसून एकदा दाखल झाली की ती जनहिताची होते, सबब सुनावणी होईलच.

"माझी तक्रार आणि मलाच परत मिळत नाही?" आत्या कडाडली होती. "उसना दिलेला कप तरी लोक परत करतात!"

आणि म्हणून आज सगळं घर मंडळाच्या व्हरांड्यातल्या एका लांब बाकावर ओळीनं बसलं होतं. समोरच्या भिंतीवर गायीच्या चार जठरांचा मोठा रंगीत तक्ता होता. कोपऱ्यातल्या थंड पाण्याच्या यंत्रातून कोमट पाणी येत होतं. धाकटीचे तीन पेले पिऊन झाले होते आणि चौथ्यासाठी ती उठायच्या बेतात होती.

कारण नुसत्या अब्रूचा प्रश्न नव्हता. तिच्या परवान्याची मुदत संपत आली होती, आणि डोक्यावर तक्रार असेपर्यंत मंडळ त्याचं नूतनीकरण करत नव्हतं. परवाना नाही तर दवाखान्याला कुलूप. नानांनी, म्हणजे आजोबांनी, एका पत्र्याच्या शेडमध्ये सुरू केलेला, वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, दुमजली केलेला दवाखाना तिच्या एका वाक्यापायी बंद पडायची वेळ आली होती.

अप्पांनी तोवर चालवावा म्हटलं, तर तेही शक्य नव्हतं. दर काही वर्षांनी पशुवैद्यानं नव्या ज्ञानाचे वर्ग करून गुण मिळवायचे, तरच नाव नोंदवहीत राहतं, असा मंडळाचा नियम. अप्पा म्हणाले होते, "ज्या पोरांना मी गायीच्या पोटात हात घालायला शिकवलं, त्यांच्याकडून आता मी शिकू?" मंडळानं वाट पाहिली, स्मरणपत्रं पाठवली, आणि शेवटी काही न बोलता अप्पांचं नाव वगळून टाकलं. तेव्हापासून अप्पा दवाखान्यात 'नुसते बसायला' येत. कायद्यानं त्यांना आता कुणाच्या कुत्र्याला खोकला झालाय एवढंही सांगता येत नव्हतं.

"आज कोणीही गरजेपेक्षा जास्त बोलायचं नाही," दादा म्हणाला. धाकटीचा हा थोरला भाऊ वकील होता, पण जमिनीच्या हद्दींचा. कुंपण, बांध आणि शेजाऱ्याच्या हद्दीत वाकलेलं झाड यांपलीकडचा खटला त्यानं कधी पाहिलेला नव्हता. "आत्या, तू फक्त एवढंच म्हण, की गैरसमज झाला."

"गैरसमज?" आत्यानं चष्म्यावरून पाहिलं. "जन्मभर मुख्याध्यापिका होते मी. गैरसमज मुलांचे व्हायचे. माझे नाही."

"मग काय म्हणणार आहेस?"

"खरं ते. निदान बरोबर होतं. सांगायची पद्धत चूक होती."

"वन्सं," आई अगदी लोण्यासारख्या आवाजात म्हणाली, "पद्धतीचं राहू द्या ना आता. पोरीच्या पोटावर पाय येतोय."

"तू मधे पडू नकोस. माझ्या मांजरीला तू कधी एकदा तरी नावानं हाक मारलीस? 'ए मांजरे' म्हणतेस."

"मग काय तिला अहोजाहो करू?"

"बाईसाहेब म्हणायला जीभ झिजते का?"

धाकटीनं आधारासाठी अप्पांकडे पाहिलं. एरवी या दोघींच्या भांडणात अप्पा काहीतरी वाकडं बोलून दोघींनाही आपल्यावर ओढवून घेत. आज ते गप्प होते. बाहेर ऊन रणरणत होतं आणि अप्पा गळ्यापर्यंत बंद असा मोहरीच्या रंगाचा लोकरी स्वेटर घालून बसले होते. कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या.

"अप्पा, काढा ना तो स्वेटर."

"नको. ताईनं विणलाय. तिच्यासमोर काढला तर आणखी एक तक्रार व्हायची." मग इकडंतिकडं बघत ते हळूच उठले. "धाकटे, जरा पाण्यापाशी ये."

पाण्याच्या यंत्राच्या आडोशाला अप्पांनी एक पेला भरला, तो न पिताच हातात धरला आणि म्हणाले, "एक सांगतो. आरडाओरडा करायचा नाही."

"काय केलंत?"

"ताईच्या तक्रारीत ते वाक्य आहे बघ. 'एका ज्येष्ठ पशुवैद्यांनी तपासून हा केवळ गॅस असल्याचे सांगितले.'"

"हो ना! तोच तर मुद्दा आहे. कोण हा गाढव, म्हणून मी गावातल्या सगळ्या डॉक्टरांना फोन करून विचारलं."

अप्पांनी पेल्यात पाहिलं.

धाकटीनं त्यांच्या हातातला पेला काढून घेतला. "अप्पा! तुम्ही?"

"मी फक्त पोटावर हात ठेवला गं. नुसता ठेवला."

"आणि तुम्हाला पिल्लं लागली नाहीत हाताला? चाळीस वर्षांच्या अनुभवाला?"

"लागली की! चांगली चार लागली. पण ताई रडत होती. मी तिला नानांच्या वेळीसुद्धा रडताना पाहिलेलं नाही. मला काही सुचेना. तोंडातून गेलं, गॅस आहे."

"आणि मग?"

"मग बडीशेपेचं पाणी सांगितलं."

"म्हणजे औषधोपचारही!" धाकटीनं कपाळावर हात मारून घेतला. परवान्याशिवाय तपासणी, परवान्याशिवाय निदान, आणि तेही चुकीचं, परवान्याशिवाय उपचार. अप्पांनी एकाच मांजरीवर सगळी कलमं आटोपली होती.

दादाला सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. दादानं डोळे मिटले, दोन्ही हातांनी कोटाच्या बाह्या ओढल्या आणि पुटपुटला, "ते ज्येष्ठ पशुवैद्य वारले, असं सांगू. मेलेल्या माणसावर कारवाई होत नाही."

"आपल्याच बाकावर बसून वारले?"

"मग गाव सोडून गेले. हद्दीबाहेर. तिकडे यांचा अधिकार चालत नाही."

"आणि आत्या खोटं बोलेल?"

तिघांनी बाकाकडे पाहिलं. आत्या ताठ बसून गायीच्या जठरांच्या तक्त्यातली शुद्धलेखनाची चूक शिपायाला दाखवत होती. तिघांनीही ती आशा सोडून दिली.

तेवढ्यात घंटा वाजली.

आतल्या खोलीत एका लांब टेबलामागे मंडळ बसलं होतं. मधोमध अध्यक्षबाई. त्या घोड्यांच्या डॉक्टर होत्या आणि मैदानाच्या त्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात बोलायची सवय त्यांना खोलीतही सुटली नव्हती. उजवीकडे कोंबड्यांचे तज्ज्ञ असलेले एक गोलमटोल सदस्य. डावीकडे नोंदवही पुढ्यात घेतलेले निबंधक, पट्टीसारखे सरळ आणि तितकेच बारीक. त्यांच्या पलीकडची खुर्ची मात्र रिकामी होती आणि तिच्यासमोर 'नागरिक प्रतिनिधी' अशी पाटी होती.

"ही जागा कोणाची?" बसायच्या आधीच आत्यानं विचारलं.

"पशुवैद्य नसलेल्या माणसाची," निबंधक म्हणाले. "जनावरांच्या मालकांची बाजू मांडायला. आधीचे प्रतिनिधी राजीनामा देऊन गेले."

"का?"

"कंटाळून," कोंबड्यांचे सदस्य प्रामाणिकपणे म्हणाले.

निबंधकांनी घसा खाकरून तक्रार वाचायला घेतली. "'सदर डॉक्टरांनी माझ्या अविवाहित मांजरीच्या चारित्र्यावर, भरल्या दवाखान्यात, मोठ्याने...'"

"थांबा," अध्यक्षबाई गरजल्या. "अविवाहित? मांजरींची लग्नं होत नाहीत."

"म्हणूनच अविवाहित लिहिलं," आत्या म्हणाली.

अध्यक्षबाईंनी निबंधकांना पुढे वाचायची खूण केली. आरोप तीन होते: चुकीचं निदान, ते चारचौघांत जाहीर करणं, आणि हसणं.

"नक्की काय म्हणालात तुम्ही डॉक्टर?"

धाकटी उठली. "मी म्हणाले, 'आत्या, पेढे वाट, तू आजी होणार.'"

"आणि मग हसलात?"

"हो. म्हणजे, सगळेच हसले. एक गृहस्थ कासव घेऊन आले होते, ते जास्त हसले."

"हरकत आहे!" दादा उभा राहिला. "कासववाल्या गृहस्थांचं हसणं माझ्या अशिलाच्या हद्दीत येत नाही."

"खाली बसा. मांजरीला पुढे काय झालं?"

"चार पिल्लं," आत्या म्हणाली.

"मग निदान बरोबर!" अध्यक्षबाईंनी टेबलावर हात आपटला. कोंबड्यांचे सदस्य दचकले. "पहिला आरोप तिथंच संपला."

धाकटीच्या जिवात जीव आला. पण निबंधकांचं बोट तक्रारीच्या दुसऱ्या पानावर येऊन थांबलं होतं. "अध्यक्ष महोदया, इथं एका ज्येष्ठ पशुवैद्यांचा उल्लेख आहे. गॅस म्हणणारे. पूर्ण दिवसांची मांजर तपासून ज्यांना गॅस वाटला, अशा इसमाच्या हाती जनावरं सुरक्षित नाहीत. त्यांचं नाव कळायला हवं."

आत्यानं तोंड उघडलं. अप्पांच्या परवान्याचं माहीत असूनही आत्ता कुठं तिच्या डोक्यात उजेड पडत होता, हे धाकटीला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. भाऊ अडकणार. पण खोटं तर बोलायचं नाही. आत्याचं तोंड उघडंच राहिलं.

"मांजर मी बाहेर सोडली होती!"

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. आई उभी होती. पर्स छातीशी धरून, फाशी जाणाऱ्या माणसासारखी.

"तू?" आत्या म्हणाली.

"तुमच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा माझ्याकडे ठेवली होतीत ना. माझ्या शिलाई मशीनवर जाऊन बसायची. हललीच नाही तर शिवू कशी? म्हटलं, जरा हवा खाऊन येऊ दे. आली खाऊन."

"कोणाबरोबर?"

"दवाखान्याच्या भिंतीवर असतो तो हवालदार. काळ्या मिशांचा."

"तो बोका!" आत्याचा आवाज चिरका झाला. "तो भटका, कान तुटका, उकिरड्यावरचा..."

"चारही पिल्लांना तशाच काळ्या मिशा आहेत, वन्सं. मी पहिल्याच दिवशी पाहिलं आणि गप्प बसले."

"आणि माझ्यासमोर म्हणालीस, 'देवाची करणी'!"

"मग काय हवालदाराची करणी म्हणू?"

धाकटी थक्क होऊन आईकडे बघत राहिली; गॅसवाले कोण, हे तिनं केव्हाच ओळखलेलं दिसत होतं. नवऱ्याला वाचवायला या बाईनं एवढे दिवस पोटात ठेवलेलं गुपित भर सभेत फोडलं होतं आणि नणंदेचा राग आपणहून अंगावर घेतला होता. दादाच्या सगळ्या वकिलीपेक्षा ही युक्ती वरचढ होती. अध्यक्षबाई हसू दाबत होत्या. कोंबड्यांचे सदस्य ते दाबण्याच्या भानगडीत पडले नव्हते. निबंधक मात्र पट्टीच.

"ही माहिती उद्बोधक आहे," ते म्हणाले. "पण ज्येष्ठ पशुवैद्य कोण, हे राहिलंच."

अप्पा उठले. घामानं स्वेटरचा गळा काळपट झाला होता.

"मी," ते म्हणाले. "आणि मी आता पशुवैद्यही नाही. नुसता ज्येष्ठ."

निबंधकांनी नोंदवही उघडली, बोट फिरवलं आणि मान हलवली. "नाव वगळलेलं आहे. शुल्क घेतलंत?"

"छे! सख्ख्या बहिणीकडून?"

"घेतलं," आत्या म्हणाली.

"ताई!"

"खरं ते खरं. स्वेटर दिला."

आता सगळी खोली त्या स्वेटरकडे बघत होती. अप्पांनी नकळत त्यावर दोन्ही हात ठेवले.

"तो तू आधीपासून विणत होतीस!"

"उजवी बाही राहिली होती. ती गॅस सांगितलास त्या आनंदात पूर्ण केली."

"म्हणजे शुल्क एका बाहीपुरतं," दादा झटकन म्हणाला. शेवटी त्याला ओळखीची जमीन सापडली होती. "उरलेला स्वेटर बहिणीच्या मायेचा. दोन्हींमधली हद्द खांद्याच्या शिवणीवर स्पष्ट आहे."

"एका बाहीचं मोल किती धरायचं?" कोंबड्यांच्या सदस्यांनी खरोखर कुतूहलानं विचारलं.

"पुरे!" अध्यक्षबाईंच्या आवाजानं खिडकीची काच थरथरली. "बडीशेपेचं पाणी मांजर प्यायली का?"

"नाही," अप्पा म्हणाले. "माझ्या तोंडावर फिस्कारली."

"म्हणजे उपचार रुग्णापर्यंत पोचलाच नाही. बरं. तुम्ही इतके अनुभवी. गॅस का म्हणालात?"

अप्पांनी बहिणीकडे पाहिलं. "ही रडत होती."

"मी रडत नव्हते. ऑपरेशनचं पाणी होतं ते." आत्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. आणि मग वर्गात नाही, घरात नाही, कुठंच कधी ऐकू न आलेल्या बारीक आवाजात ती बोलू लागली. "त्या दवाखान्यात लहानपणी मी जनावरांचे पाय धरायचे. नाना टाके घालायचे आणि मी धरायचे. हा भाऊ रक्त बघून बाहेर पळायचा. पण कॉलेजात घातलं याला. मला नाना म्हणाले, तुझा आवाज मोठा आहे, तू शाळेत शिकवायला जा. गेले. चांगली गेले. पण त्या खोलीत लोक मला हसतील, असं कधी वाटलं नव्हतं. तेही माझ्याच भाचीनं सुरुवात करून." तिनं धाकटीकडे पाहिलं नाही. "जनावराला बोलता येत नाही, हे सगळ्या डॉक्टरांना कळतं. जनावराच्या माणसाला ऐकू येतं, हे विसरतात. आत न्यावं, दार लावावं, बसवून सांगावं. एवढंच होतं माझं. ते एका ओळीत मावेना, म्हणून बाकीचं लिहिलं."

धाकटीला जठरांचा तक्ता, परवाना, कुलूप, सगळं एकाएकी लांबचं वाटलं. आत्याच्या आवाजाला ती जन्मभर भ्यायली होती. हा आवाज त्याहून अवघड होता. ती टेबलाला वळसा घालून आत्यापाशी गेली.

"आत्या, चुकलं माझं. मी हसायला नको होतं."

"हसायला हरकत नाही," आत्या म्हणाली. "दार लावून हस."

अध्यक्षबाई शेजारच्या दोघांशी कुजबुजल्या, म्हणजे त्यांच्या मते कुजबुजल्या. खोलीतल्या सगळ्यांना शब्द न् शब्द ऐकू आला. मग त्यांनी तोच निर्णय पुन्हा जाहीर केला. निदान योग्य, तो आरोप फेटाळला. चारचौघांत हसल्याबद्दल डॉक्टरांना लेखी समज, आणि पशुमालकांशी कसं बोलावं याचा एक वर्ग सक्तीचा. नूतनीकरण मोकळं.

"आणि तुम्ही," त्या अप्पांकडे वळल्या. "दोन वाटा आहेत. एक तर परवान्याशिवाय व्यवसाय केल्याची कारवाई. नाहीतर राहिलेले सगळे वर्ग करा, परीक्षा द्या, आणि नाव परत लावून घ्या."

"परीक्षा? या वयात? ज्या पोरांना मी..."

"देईल तो," आत्या म्हणाली.

"देईन," अप्पा म्हणाले.

आई पर्समधून रुमाल काढून डोळे टिपत होती. आत्यानं तिच्याकडे एक जळजळीत कटाक्ष टाकला, मग म्हणाली, "मिशांचं एक पिल्लू तू पाळायचंस. आणि नावानं हाक मारायची." आईनं मुकाट्यानं मान डोलावली. धाकटीला वाटलं, चला, एवढ्यावर भागलं.

सगळे उठले, तेव्हा अध्यक्षबाईंनी आत्याला थांबवलं. त्यांनी त्या रिकाम्या खुर्चीकडे बोट केलं. "बाई, या जागेसाठी अर्ज कराल का? आमच्यासमोर येऊन इतकं सरळ बोलणारं फार दिवसांत कोणी भेटलं नाही. घरच्यांच्या प्रकरणात बसता येणार नाही, बाकी सगळं चालेल. अट एकच, माणूस पशुवैद्य नसावा."

आत्यानं त्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

"ती अट," ती म्हणाली, "मी जन्मभर पाळत आले आहे."

तिनं घरच्यांना गाडीत जाऊन बसायला सांगितलं. अर्ज आत्ताच भरून टाकते, पाच मिनिटांचं तर काम. ते गाडीत जाऊन बसले. दादानं काचा खाली केल्या. अप्पा मागच्या सीटवर मान टाकून पडले आणि आईनं त्यांना रुमालानं वारा घालायला सुरुवात केली. पाच मिनिटांचा अर्धा तास झाला. मग वरच्या मजल्याच्या उघड्या खिडकीतून आत्याचा आवाज खाली आला. मूळचा, मोठा, खणखणीत.

"नियमावलीत एकाच पानावर 'पशुवैद्य' तीन तऱ्हांनी लिहिलंय! आणि तक्रारीला उत्तर द्यायला तुम्हाला एवढे दिवस का लागतात? उभे का आहात? बसा. वही काढा."

मागोमाग निबंधकांचा आवाज आला, अगदी लहान झालेला: "हो, बाई."

मग एक खुर्ची सरकली. कोंबड्यांच्या सदस्यांचा असावा, असा एक खोकला ऐकू आला आणि लगेच दाबला गेला. आणि धाकटीला, ज्या मंडळानं एवढे दिवस तिची झोप उडवली होती, त्या मंडळाची मनापासून दया आली.